एका टिंबाखाली ४१ अपघात

शहराच्या अपघात-नकाशावर जो चौक सगळ्यात लाल दिसतो, तो खरोखर सगळ्यात धोक्याचा असतो का? हे प्रकरण या प्रश्नाभोवती फिरतं. नकाशाचं काम नव्याने शिकणाऱ्यांसाठी मी ते रचलं आहे. त्यामुळे चौकाला नाव नाही, आणि चौकातल्या अपघातांचे व वेगाचे आकडे मांडणीपुरते घेतलेले आहेत. सूत्रं, मोजायच्या रीती आणि चुका होण्याच्या जागा मात्र अस्सल आहेत. चुका तर फारच अस्सल. वाहतूक रस्त्याच्या डाव्या बाजूने चालते असं धरलं आहे.

चौक चार रस्त्यांचा, सिग्नलचा. उत्तर-दक्षिण रस्ता मोठा: मध्ये दुभाजक, दोन्हीकडे तीन-तीन लेन. पूर्व-पश्चिम रस्ता त्यामानाने अरुंद. पाच वर्षांच्या पोलिस नोंदी संगणकात भरून शहराचा हीटमॅप काढला, तेव्हा हा चौक ६३ अपघातांसह पहिला आला. बैठकीत नकाशा पडद्यावर लागला, लाल डाग सगळ्यांनी पाहिला, आणि पंधरा मिनिटांत चर्चा चौक रुंद करायचा की मध्ये गोल बेट बांधायचं इथवर पोचली. कोपऱ्यात बसलेली एक कनिष्ठ अभियंता तेवढं म्हणाली, "सर, जरा झूम करता का?"

झूम केल्यावर लाल डाग विरत गेला. तसा तो विरतोच, कारण हीटमॅप म्हणजे बिंदूंभोवती पसरवलेला रंग. पण रंग विरल्यावर खाली विखुरलेले बिंदू दिसायला हवे होते. दिसलं ते चौकाच्या बरोबर मधोमध एकच टिंब, आणि आजूबाजूला थोडे तुरळक बिंदू. टिंबावर क्लिक केलं तर ४१ ओळींची यादी उघडली. सगळ्या ओळींचे अक्षांश-रेखांश सहाव्या दशांशापर्यंत तंतोतंत एकच.

अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. पाचव्या दशांशापर्यंत गेलं की १.१ मीटर, सहाव्यापर्यंत गेलं की ११ सेंटिमीटर. म्हणजे पाच वर्षांत ४१ अपघात वीतभर जागेत झाले, असं तो नकाशा गंभीर चेहऱ्याने सांगत होता.

टिंब कुठून आलं

नोंदींमध्ये जागा शब्दांत लिहिलेली होती. 'चौकाजवळ', 'चौकाच्या अलीकडे', 'चौकाकडून येताना', 'चौकापुढे बस थांब्यासमोर'. पत्त्यावरून स्थान शोधून देणाऱ्या प्रणालीने प्रत्येक ओळीतला ओळखीचा शब्द उचलला, तो म्हणजे चौकाचं नाव, आणि त्या नावापुढे तिच्याकडे असलेला एकमेव बिंदू चिकटवून दिला. 'अलीकडे' आणि 'पुढे' हे शब्द तिच्या हिशोबी नव्हतेच. प्रणालीने खोटं सांगितलं असं म्हणता येणार नाही. बहुतेक प्रणाली उत्तरासोबत जुळणीचा दर्जा देतात: घर क्रमांकापर्यंत जुळलं, रस्त्यापर्यंत जुळलं, की नुसत्या परिसरापर्यंत. तो रकाना फाइलमध्ये होता. नकाशा काढताना कोणी त्याच्याकडे पाहिलं नव्हतं, इतकंच.

उरलेल्या २२ नोंदींना फोनवरून घेतलेले अक्षांश-रेखांश होते. त्यांच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतो. उंच इमारतींच्या मध्ये उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून येतो आणि ही चूक कितीतरी वाढते. एक बिंदू चक्क एका इमारतीच्या आत पडला होता. तो सगळ्यात जवळच्या रस्त्यावर आपोआप सरकवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण जवळचा रस्ता म्हणजे त्या इमारतीमागची गल्लीही असू शकते. शिवाय फोन कुठे उभं राहून काढला, हा प्रश्न उरतोच. गाड्या बाजूला घेऊन झाल्यावर? की ठाण्यात परतून फॉर्म भरताना?

याच फाइलमधल्या काही नोंदी शून्य अक्षांश, शून्य रेखांशावर, म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात पडल्या होत्या. रिकामा रकाना शून्य मानला गेला की असंच होतं. नकाशावाले त्या जागेला गमतीने 'नल आयलंड' म्हणतात. काही नोंदींमध्ये अक्षांश आणि रेखांश यांची अदलाबदल झाली होती. या नोंदी आपल्या ६३ मध्ये नाहीत, पण त्यांतला एखादा अपघात याच चौकातला असू शकतो हे विसरून चालत नाही. नकाशावर टिंब नाही म्हणजे तिथे काही घडलं नाही, हा अर्थ अपघातांच्या बाबतीत फार वेळा चुकतो. किरकोळ जखमा, एकटाच घसरलेला सायकलस्वार, आपसांत मिटवलेली धडक या गोष्टी पोलिसांपर्यंत पोचतच नाहीत. म्हणूनच स्वीडनच्या 'स्ट्राडा' या नोंद-व्यवस्थेत पोलिस आणि रुग्णालयं दोघांकडच्या नोंदी एकत्र येतात.

कागदाकडे परत

४१ नोंदींचे मूळ कागद मागवले गेले. स्थळ पंचनामा आणि सोबतचा हाताने काढलेला घटनास्थळाचा नकाशा. कागद काढून देणाऱ्या हवालदारांना यात काय शोधायचं आहे तेच आधी कळेना. "मॅडम, कोर्टात विचारतात चूक कोणाची. चौकापासून किती मीटरवर झालं, हे कोण विचारतं?" त्यांच्या या एका वाक्यात अपघात-नकाशांची निम्मी अडचण आली. नोंद ज्या कामासाठी लिहिली जाते, त्याच कामाला ती नीट उपयोगी पडते. दोष ठरवण्यासाठी लिहिलेल्या कागदातून आपण जागा शोधत असतो.

तरी हाताने काढलेले ते नकाशे वाचण्यासारखे होते. एकावर बॉलपेनने दोन समांतर रेघा, मधली जाड रेघ म्हणजे दुभाजक. ती रेघ एका जागी तुटलेली. तुटलेल्या जागेसमोर एक चौकोन, त्यात 'बस थांबा'. चौकोनाच्या अगदी लगत फुली. खाली लिहिलं होतं, 'चौकापासून अंदाजे १६० पावलं दक्षिणेस'. उत्तर दाखवणारा बाण नाही, प्रमाण नाही. पण एक पाऊल पाऊण मीटर धरलं तर १२० मीटर होतात, आणि प्रत्यक्षात फीत लावल्यावर दुभाजकातली ती फट १२० मीटरवरच निघाली. दुसरा कागद काढला, पुन्हा तुटलेली रेघ. तिसरा, पुन्हा तीच.

सगळे कागद वाचून झाल्यावर त्या एका टिंबाखालचे ४१ अपघात असे विभागले गेले: चौकात झालेले १३, दक्षिणेच्या दुभाजकातल्या फटीपाशी १७, सारख्या नावाच्या दुसऱ्याच चौकातले ६, आणि कागद वाचूनही जागा ठरवता आली नाही असे ५. फोनवरून आलेल्या २२ पैकी १५ चौकात, ४ फटीपाशी आणि ३ रस्त्यात इतरत्र. म्हणजे ६३ अपघातांच्या चौकात प्रत्यक्षात २८ होते, आणि ज्या जागेचं नकाशावर नावही नव्हतं तिथे २१. चौकातल्या २८ अपघातांत दोन माणसं गेली होती. फटीपाशी सहा.

चौक रुंद करण्याच्या चर्चेला 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' म्हणायला हरकत नव्हती.

यातल्या ५ अनिश्चित नोंदींचं काय करायचं यावर बराच वाद झाला. त्या चौकातच धरा, असा एक सूर होता, कारण नाव तर चौकाचंच आहे. माझं मत याविरुद्ध आहे. जागा माहीत नसलेला अपघात नकाशावर न दाखवता तक्त्यात 'जागा अनिश्चित' म्हणून वेगळा ठेवावा. नकाशावर एकदा टिंब उमटलं की त्याच्यामागचा संशय कोणालाच दिसत नाही.

चौक कुठे संपतो

चौकातला अपघात कोणता हे ठरवायला हद्द लागते. ब्रिटनमध्ये पोलिस जो 'स्टॅट्स १९' फॉर्म भरतात, त्यात अपघात जंक्शनवर किंवा जंक्शनपासून २० मीटरच्या आत झाला का, हे विचारलेलं असतं. अमेरिकेत अनेक ठिकाणी २५० फूट, म्हणजे सुमारे ७६ मीटर धरतात. दोन्ही हद्दींनी आपल्या चौकाचे २८ च येतात, कारण फट दोन्हींच्या बाहेर आहे. पण कोणी सोयीसाठी १५० मीटरचं वर्तुळ काढलं असतं, तर फट चौकाच्या पोटात गेली असती आणि पुन्हा फुगलेला आकडा हाती आला असता. हद्द आधी ठरवून लिहून ठेवावी आणि मग मोजावं. आकडे पाहून हद्द हलवायला लागलं की नकाशा आपल्याला हवं ते सांगू लागतो.

हीटमॅपची त्रिज्या, म्हणजे प्रत्येक बिंदूचा रंग किती दूर पसरवायचा ते अंतर, हीसुद्धा एक प्रकारची हद्दच. पहिल्या नकाशात ती २५० मीटर होती. त्यामुळे, बिंदू बरोबर जागी बसवल्यावरही चौक आणि फट मिळून एकच डाग दिसत होता. त्रिज्या ५० मीटरवर आणली तेव्हा डाग फुटून दोन झाले, आणि दक्षिणेचा डाग जवळजवळ चौकाएवढाच गडद निघाला. नवशिक्या मंडळींची इथली एक नेहमीची चूक म्हणजे त्रिज्या अंशांत देणं. अक्षांश-रेखांशाच्या कच्च्या नकाशावर पूर्व-पश्चिम अंश उत्तर-दक्षिण अंशाएवढा लांब नसतो. विषुववृत्तापासून दूर जावं तसा तो आखडत जातो, ६० अंशांवर निम्मा होतो. म्हणून आधी मीटरमध्ये मोजणारं प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवायची रीत) घ्यायचं, अंतरं नंतर. दुसरी गोष्ट अशी की साधा हीटमॅप हवेतून अंतर मोजतो. गाड्या हवेतून जात नाहीत. दोन समांतर रस्त्यांमधले अपघात त्याला शेजारी वाटतात, आणि उड्डाणपुलावरचा अपघात पुलाखालच्या अपघातावर बसतो. रस्त्यांच्या जाळ्यावरून अंतर मोजणाऱ्या पद्धती आहेत. शहराच्या मध्यभागात त्या वापराव्यात असं मला वाटतं. आपल्या चौकात उड्डाणपूल नव्हता, ते एक बरं.

२८ बाण

जागा पक्की झाल्यावर नकाशाचं काम संपलं असं अनेकांना वाटतं. कुठे घडलं ते कळलं. कसं घडलं ते टिंबातून कळत नाही, कारण टिंबाला दिशा नसते.

चार रस्त्यांच्या साध्या चौकात वाहनांचे मार्ग एकमेकांना ३२ जागी भिडतात. १६ जागी ते एकमेकांना छेदतात, ८ जागी एकत्र येतात, ८ जागी फुटतात. अपघात यांपैकी कोणत्या जागी झाला, हे पाहायला प्रत्येक नोंदीतून दोन बाण काढले: कोण कुठून कुठे चाललं होतं. ओपनस्ट्रीटमॅप या सर्वांसाठी खुल्या नकाशावरचा चौकाचा आराखडा पुरेसा बारीक नव्हता, म्हणून हवाई छायाचित्रावरून लेन, स्टॉप लाइन, झेब्रा पट्टे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये नव्याने रेखले, आणि त्यावर बाणांचा थर टाकला. हे काम हाताने करावं लागतं, कंटाळवाणं आहे, आणि माझ्या मते सगळ्या अभ्यासात याच दोन दिवसांची किंमत सर्वांत जास्त.

बाण टाकल्यावर २८ पैकी १७ इकडेतिकडे विखुरले. मागून धडक, लेन बदलताना घासणं, झेब्रा पट्ट्यावर वळणाऱ्या गाडीने दिलेला धक्का. उरलेले ११ मात्र एकाच जागी, एकाच तऱ्हेने जमले: उत्तरेकडून येऊन उजवीकडे वळणारी गाडी, आणि दक्षिणेकडून सरळ येणारी गाडी. मार नेहमी वळणाऱ्या गाडीच्या डाव्या अंगाला.

मग वेळ पाहिली. वेळेच्या रकान्याचंही स्वतःचं 'नल आयलंड' असतं: ००:००. मध्यरात्रीच्या ठोक्याला नोंदलेले अपघात प्रत्यक्षात बहुधा वेळ न भरलेले असतात. ११ पैकी एक तसा निघाला, तो बाजूला ठेवला. उरलेल्या दहांपैकी आठ रात्री नऊनंतरचे. रात्री नऊनंतर या चौकातून दिवसाच्या मानाने फारच थोड्या गाड्या जातात. म्हणजे नुसता आकडा सांगत होता त्याहून रात्रीचा धोका कितीतरी मोठा होता. अपघातांची संख्या वाहनांच्या संख्येने भागल्याशिवाय दोन वेळांची, किंवा दोन चौकांची, तुलना करूच नये.

तीन सेकंदांचा पिवळा

रात्री काय बदलतं? प्रकाश बदलतो, चालक थकलेले असतात, काही प्यायलेले असतात. बैठकीत ही तिन्ही कारणं पटापट पुढे आली. तिन्ही खरी असतील, पण ती शहरातल्या प्रत्येक चौकाला लागू आहेत. मग इथेच का?

दक्षिणेकडून येणाऱ्या गाड्यांचे वेग रडार गनने मोजले. शंभरातल्या ८५ गाड्या ज्या वेगाच्या आत असतात तो वेग या कामात धरतात. तो दिवसा ताशी ४० किलोमीटर आला, रात्री ६०. सिग्नलचा पिवळा दोन्ही वेळा तीन सेकंदांचाच.

पिवळा किती सेकंदांचा हवा, याचं अनेक ठिकाणी वापरलं जाणारं सूत्र साधं आहे. चालकाला दिवा पाहून पाय ब्रेकवर न्यायला एक सेकंद, अधिक वेग (मीटर प्रति सेकंदात) भागिले ब्रेकच्या मंदनाची, म्हणजे वेग कमी होण्याच्या दराची, दुप्पट. मंदन साधारण ३ मीटर प्रति सेकंद वर्ग धरतात, नेमकं सांगायचं तर ३.०५. सपाट रस्त्यावर ४० च्या वेगाला उत्तर येतं २.८ सेकंद. म्हणजे दिवसा तीन सेकंद पुरतात. ६० च्या वेगाला येतं ३.७. रात्री पुरत नाहीत.

पुरत नाहीत म्हणजे काय होतं ते मीटरमध्ये पाहावं. ६० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ५० मीटर जाते. त्याच वेगात सावकाश थांबायला मात्र ६२ मीटर लागतात. आता पिवळा लागला त्या क्षणी गाडी स्टॉप लाइनपासून ५५ मीटरवर आहे असं धरा. थांबायला जागा नाही, आणि लाल लागायच्या आत लाइन ओलांडता येत नाही. चालक सरळमार्गी असो वा बेफिकीर, त्या १२ मीटरांच्या पट्ट्यात सापडलेल्याला दोनच पर्याय उरतात: करकचून ब्रेक, नाहीतर लाल तोडणं.

इकडे चौकाच्या मध्यात उत्तरेकडून आलेली गाडी उजवीकडे वळायला थांबलेली असते. समोरची सरळ वाहतूक संपेपर्यंत तिला वळता येत नाही. तिलाही पिवळा दिसतो. तिला कळतं की समोरच्यांना आता थांबावं लागणार, आणि आपल्यालाही चौक मोकळा करायचा आहे. ती वळते. दोघांनीही सिग्नल पाहिलेला असतो, आणि दोघांच्याही मते समोरच्याने मुद्दाम घुसवली. पंचनाम्यांत अकराच्या अकरा ठिकाणी 'सिग्नल तोडून' किंवा 'बेदरकारपणे वळण घेऊन' असं लिहिलं होतं. कागदापुरतं ते बरोबरच होतं.

अकरा हा आकडा लहान आहे. त्यावरून सिग्नल बदलायला सांगण्याआधी आणखी पुरावा हवा होता, आणि पुढचे अकरा होण्याची वाट पाहणं हा काही अभ्यास नव्हे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत पर्किन्स आणि हॅरिस यांनी एक वाट काढली होती: धडका मोजण्याऐवजी हुकलेल्या धडका मोजायच्या. पुढे तिच्यात बरीच सुधारणा झाली. आता व्हिडिओवर पाहतात की एक गाडी सामाईक जागेवरून निघून गेल्यावर दुसरी किती वेळाने तिथे पोचली. हे अंतर शून्य असेल तर धडक. दीड सेकंदाहून कमी असेल तर थोडक्यात वाचले. कोपऱ्यावरच्या इमारतीच्या गच्चीवर कॅमेरा लावून दुपारचे तीन तास आणि रात्रीचे तीन तास टिपले. त्याच वळणावर थोडक्यात वाचण्याचे प्रसंग रात्री दुपारच्या दुपटीहून जास्त निघाले, तेही निम्म्याहून कमी वाहनांत.

फटीतली बाई

दक्षिणेच्या फटीपाशी गणिताची गरज कमी पडली. तिथे जाऊन उभं राहणं पुरलं.

बस थांबा रस्त्याच्या पूर्वेला, वस्ती पश्चिमेला. झेब्रा पट्टा चौकात, म्हणजे जाऊन-येऊन २४० मीटरचा वळसा. लोक फटीतून जात. फटीत उभ्या असलेल्या एका वयस्क बाईंकडे ती अभियंता बराच वेळ पाहत राहिली. बाई गाड्यांकडे पाहतच नव्हत्या. त्यांची नजर १२० मीटरवरच्या सिग्नलवर होती. दक्षिणेकडे तोंड असलेला दिवा लाल झाला, तशा त्या निघाल्या. हिशोब चोख होता: या बाजूच्या गाड्यांना लाल म्हणजे समोरून येणाऱ्यांनाही लाल, म्हणजे आता कोणी येत नाही.

पण उत्तर-दक्षिण लाल झालं की पूर्व-पश्चिम हिरवं होतं. पूर्वेकडून डावीकडे वळणाऱ्या आणि पश्चिमेकडून उजवीकडे वळणाऱ्या गाड्या नेमक्या त्याच वेळी दक्षिणेच्या रस्त्यावर येतात. वळून वेग घेत सरासरी ४५ च्या वेगाने आलेली गाडी १२० मीटर ९.६ सेकंदांत कापते. तीन लेन म्हणजे साडेदहा मीटर. सेकंदाला १.२ मीटर चालणारा माणूस ते ९ सेकंदांत ओलांडतो, थोडक्यात निभावतो. सेकंदाला एक मीटर चालणाऱ्या वयस्क माणसाला साडेदहा सेकंद लागतात. गाडी येते तेव्हा तो फुटपाथलगतच्या लेनमध्ये असतो, आणि पूर्वेकडून डावीकडे वळलेली गाडी त्याच लेनला धरून येते.

फटीपाशी झालेल्या २१ अपघातांत १६ पादचारी होते, ५ दुचाकीस्वार फटीतून वळून उलट दिशेला निघालेले. १६ पैकी ११ जणांना धडक बसली ती थांब्यालगतच्या त्या शेवटच्या लेनमध्ये. हातनकाशावरच्या फुल्या चौकोनाच्या अगदी कडेला का होत्या, ते तेव्हा कळलं. 'अचानक रस्त्यात आले' हे पंचनाम्यातलं वाक्य माझ्या गळी उतरत नाही. साडेनऊ मीटर चालून आलेला माणूस अचानक कसा येईल?

मग केलं काय

चौकासाठी सूचना स्वस्त होत्या. पिवळा चार सेकंदांचा करणं. त्यानंतर सगळ्या बाजूंना लाल राहण्याचा वेळ एका सेकंदावरून दोनवर नेणं. आणि रात्री नऊनंतर उत्तरेच्या उजव्या वळणाला स्वतंत्र हिरवा बाण, ज्यात समोरची वाहतूक थांबलेली असेल. गोल बेटाचा विचार पूर्ण सोडला नाही. एका लेनच्या गोल बेटात मार्ग भिडण्याच्या जागा ३२ वरून ८ वर येतात, ही गोष्ट खरी आहे. पण तीन-तीन लेनच्या रस्त्यावर ते गणित तसंच राहत नाही, आणि मुख्य म्हणजे बेटाने फट बुजत नाही.

फटीसाठी पहिली सूचना बस थांबा चौकालगत, सिग्नलच्या झेब्रा पट्ट्याजवळ सरकवण्याची. लोकांना जिथे जायचं आहे ती जागाच हलवली की वळसा उरत नाही. नुसती जाळी लावून फट बंद करायला सगळेच एका पायावर तयार होते, कारण ते एका दिवसाचं काम. पण थांबा तिथेच ठेवून जाळी लावली तर लोक जाळी ओलांडतील, आणि मग फटीत उभं राहायला होती तेवढीही जागा राहणार नाही. थांबा हलेपर्यंत तिथे रुंद बेट आणि पादचाऱ्यांचा बटणाचा सिग्नल करावा, असं अहवालात लिहिलं.

सुधारणेचं यश कसं मोजायचं, हेही काम सुरू व्हायच्या आधीच ठरवलं. हा चौक निवडला गेला तो मुळात आकडा मोठा होता म्हणून. मोठ्या आकड्यात थोडं दुर्दैवही असतं, आणि काही न करताही तो पुढे थोडा उतरतो. नंतर तो उतार आपल्या नावावर खपतो. यावर टोरंटोचे संशोधक एझ्रा हाउअर यांनी रस्ता-सुरक्षेच्या क्षेत्रात रुजवलेली रीत अशी: तशाच इतर चौकांवरून अपेक्षित आकडा काढायचा आणि तो प्रत्यक्ष आकड्यात वजन लावून मिसळायचा. तशा चौकांत पाच वर्षांत सरासरी १६ अपघात अपेक्षित असतील, आणि अपेक्षित व प्रत्यक्ष आकड्यांची वजनं अनुक्रमे ०.३८ व ०.६२ निघाली, तर २८ ऐवजी २३.४ हा आकडा तुलनेला घ्यायचा. पुढच्या पाच वर्षांत २३ झाले, तर सुधारणेने काहीच साधलं नाही असं म्हणावं लागेल, वर्तमानपत्रात पाचने घट छापून आली तरी. ही अट अहवालात नको, उगाच आपल्याच पायावर धोंडा, असं एक वरिष्ठ म्हणाले. ती तळटीप म्हणून राहिली.

सिग्नलच्या वेळा पंधरवड्यात बदलल्या. थांबा हलवायला दोन खात्यांची संमती लागत होती, ती फाइल फिरत राहिली. मधल्या काळात पोलिसांच्या फॉर्ममध्ये एक रकाना वाढवून मिळाला: 'सर्वांत जवळच्या चौकाच्या स्टॉप लाइनपासून अंतर व दिशा'. मीटरमध्ये भरा, असं खाली बारीक अक्षरात छापलं होतं. पहिल्या महिन्यात भरून आलेल्या फॉर्मांपैकी एकावर ओळखीच्या बॉलपेनने लिहिलं होतं: '१६० पावलं, दक्षिणेस, दुभाजकाच्या फटीत.'